रिकाम्या पेट्या घेणारा माणूस

“पेटी कुठाय?” कुनिहिरोकाकांनी विचारलं.

“कसली पेटी?” कोझुएनं विचारलं.

“अगं, वाडग्याची! पेटीवर कुंभाराचं नाव असतं, वर्ष असतं, शिक्का असतो. पेटीशिवाय वाडगा म्हणजे नुसता वाडगा! पुढचा कोण?”

“पण काका, हा खरंच जुना आहे! आजोबांच्या आजोबांचा!”

“जुनं तर माझं गुडघ्याचं दुखणंही आहे, पोरी. ते ठेवू का काचेच्या कपाटात?”

रांगेतले सगळे खो खो हसले. कुनिहिरोकाका गावच्या सभागृहाचे प्रमुख होते. दुसऱ्या दिवसापासून तिथं ‘गावचा ठेवा’ नावाचं प्रदर्शन सुरू व्हायचं होतं, दहा दिवसांचं. वस्तू निवडायचं काम काकांकडे होतं आणि काका वस्तूकडे बघतच नव्हते. ते पेटीचं झाकण उचलायचे, त्यावरची अक्षरं वाचायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, “घ्या!”

कोझुएनं टॉवेल पुन्हा गुंडाळायला घेतला तेवढ्यात मागून आवाज आला, “आणि त्याला आत भाताचं शीत चिकटलंय!”

ही नामिए! कोझुएच्याच वर्गातली. तिच्या बाबांचं बंदरावर हॉटेल होतं. सभागृहात दिवा असलेलं काचेचं कपाट एकच, आणि त्यात आधीच नामिएचा वाडगा जाऊन बसला होता. शेजारी त्याची पेटी आणि पेटीचं उघडं झाकण. समोर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, आणि कपाटाला टेकून, केसांना नवी फीत लावून, हसणारी नामिए!

कोझुएच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायचं तर तो त्या दिवशी झाला नव्हता, चौथीपासूनच होत आला होता. नामिएची सायकल लाल, नामिएचा पोहण्याचा पोशाख टोकियोचा, आणि आता नामिएचा वाडगा दिव्याखाली. आपला मात्र टॉवेलात, शितासकट!

“माकडाचं वर्ष लिहिलंय पेटीवर!” कुनिहिरोकाका फोटोग्राफरला सांगत होते. “म्हणजे दीडशे वर्षं झाली बघा.”

“वर्षांना नावं बाराच प्राण्यांची, माकडाचं वर्ष तर दर बारा वर्षांनी येतं,” रांगेतून तेत्सुओ म्हणाला. तो तेराचा होता, कोझुएच्या शेजारच्या घरातला. “मीसुद्धा माकडाच्या वर्षातला आहे. मीही दीडशे वर्षांचा का काका?”

“तू नुसताच माकड आहेस. चल, हो बाजूला!”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी कोझुए एकटीच सभागृहात गेली. कशाला? नामिएच्या वाडग्यात खोट काढायला, दुसरं काय! तिनं काचेला नाक लावलं. वाडगा रंगानं छान होता, पण आतून बाहेरून, बुडापर्यंत, सगळीकडे एकसारखा तपकिरी. खोट काही सापडेना. सापडेना म्हटल्यावर ती आणखी चिडली आणि पेटीकडे बघू लागली.

उघड्या झाकणाच्या आतल्या बाजूला गंजाचे बारीक डाग होते. वाकडे, आकड्यासारखे. एक, दोन, पाच… आणि एका कोपऱ्यात लाकडात रुतून मोडलेलं टोक.

“गळ!” कोझुए इतक्या मोठ्यानं ओरडली, की खुर्चीत डुलक्या घेणारे कुनिहिरोकाका दचकून उठले. ते काही विचारायच्या आत ती रस्त्यावर पोचली होती.

घरी तिचा दहा वर्षांचा भाऊ मित्सुरु ओट्यावर बसून कलिंगड खात होता. शेजारी तेत्सुओ. दोघांची बिया थुंकण्याची शर्यत चालली होती.

“मित्सुरु! आजोबांची गळांची पेटी कुठाय? ती जुनी, लाकडी?”

मित्सुरुच्या तोंडातली बी तोंडातच राहिली.

“कुठली… ती होय? ती… ती मी दिली.”

“दिली? कुणाला?”

“निळ्या गाडीवाल्या काकांना. सुट्टी लागली तेव्हा. त्यांनी फुलबाज्यांचा अख्खा पुडा दिला! गळ मी बिस्किटांच्या डब्यात ओतून ठेवलेत. आजोबांना कळलंसुद्धा नाही!”

“कळलं होतं,” आतून आजोबांचा आवाज आला. ते जाळं विणत बसले होते. “म्हटलं, पोरगं बोलेल कधीतरी.”

“आजोबा, त्या पेटीवर लिहिलेलं होतं?”

“होतं की, ब्रशनं. माझे वडील जन्मले तेव्हा माझ्या आजोबांनी डोंगरावरच्या कुंभाराला एक मोठा लाल मासा दिला होता बारशाचा. त्यानं बदल्यात वाडगा दिला, पेटीसकट. वाडगा गेला स्वयंपाकघरात, पेटी आली होडीत. भांडं वापरायला असतं, पेटीत झोपायला नाही.”

“तुमचे वडील कुठल्या वर्षी जन्मले?” तेत्सुओनं एकदम विचारलं.

“माकडाच्या.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“आमच्याकडूनही नेल्या त्या माणसानं दोन पेट्या,” तेत्सुओ हळूच म्हणाला. “हातानो नाव त्याचं. आजी म्हणाली, आतल्या बश्याही न्या. तर म्हणतो, नको, पेट्या द्या फक्त. आणि कोरी पेटी दाखवली तर तीही नको. लिहिलेलीच हवी!”

“ऊस टाकून चिपाडं कोण नेतं?” मित्सुरु म्हणाला.

“ज्याच्याकडे खोटा ऊस आहे तो!” कोझुए म्हणाली. “खरी पेटी घ्यायची, आत कालचा वाडगा ठेवायचा आणि दीडशे वर्षांचा म्हणून विकायचा. बघणारे पेटीच बघतात!”

मग ती उठली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मित्सुरु घाबरला.

“ताई, कुठं चाललीस?”

“नामिएला सांगायला!”

*

हॉटेलच्या मागच्या दारी नामिए तबकं धूत होती. तबकांचा ढीग तिच्या खांद्याला लागत होता. नवी फीत कुठंच दिसत नव्हती.

“तुझा वाडगा खोटा आहे!” कोझुए धापा टाकत म्हणाली. “पेटी आमची आहे आणि वाडगा कुणाचाच नाही! तुझ्या बाबांना त्या हातानोनं उल्लू बनवलंय!” आणि तिनं सगळं सांगितलं, गळाच्या मोडक्या टोकासकट.

नामिए आधी लाल झाली, मग पांढरी. तिनं हातातलं तबक खाली ठेवलं.

“तुला बरं वाटलं ना?” ती म्हणाली.

खोटं बोलावं असं कोझुएला क्षणभर वाटलं. “हो,” ती म्हणाली. “खूप बरं वाटलं.”

“वाटणारच! तू जळतेस माझ्यावर.”

“जळते! मग काय? तुला सगळं मिळतं!”

“सगळं?” नामिएनं ओले हात तिच्यापुढे नाचवले. “सुट्टी लागल्यापासून एकदा तरी समुद्रात गेलेय का मी? तुम्ही रोज आजोबांच्या होडीतून जाता. मी या खिडकीतून बघते आणि तबकं घासते. तो पोहण्याचा पोशाख एकदाही भिजला नाही. त्या वाडग्याजवळ उभं राहायला मिळालं तो एक दिवस होता माझा! तोही नेलास!” आणि ती भोकाड पसरून रडायला लागली.

कोझुएचा आनंद कुठल्या कुठे पळाला. तिनं दुसरा टॉवेल उचलला आणि मुकाट्यानं तबकं पुसायला लागली. दहाबारा पुसून झाल्यावर नामिए नाक ओढत म्हणाली, “हातानो आमच्याकडेच उतरलाय. सात नंबरच्या खोलीत.”

“काय!”

“आणि कुनिहिरोकाका रोज येऊन त्याच्या मागे लागतात. हॉटेलकडे वाडगा आहे आणि सभागृहाकडे एकही नाही, हे त्यांना बघवत नाही. म्हणतात, याहून जुना आणून द्या, सभागृहाच्या पैशानं घेतो. शेवटच्या दिवशी शहरातल्या म्युझियममधून एझाकीबाई येणार आहेत ना, त्यांना दाखवायला.”

“म्हणजे तेही जळतात!” कोझुए म्हणाली, आणि दोघींना एकदम हसू फुटलं.

*

तेत्सुओचं अक्षर इतकं देखणं होतं, की जिल्ह्याचं बक्षीस दोनदा त्याच्याकडे आलं होतं. हातानोनं नाकारलेली कोरी पेटी त्याच्या आजीच्या कपाटात होतीच. लाकूड खरंच जुनं, नुसतं लिहिलेलं काही नव्हतं.

“काय नाव लिहू?” ब्रश शाईत बुडवत तेत्सुओनं विचारलं. ओट्यावर चौघं डोकी जोडून बसली होती. नामिए बाजारात जाते सांगून निसटून आली होती.

“असं नाव लिही, की त्या नावाचा कुंभार जगात झालेलाच नाही,” कोझुए म्हणाली.

तेवढ्यात तेत्सुओच्या आजीचा जाडा बोका कुंपणावरून उडी मारून आला आणि पेटीतच जाऊन बसला.

“तोराकिची! ऊठ!” मित्सुरु ओरडला.

चौघांचे डोळे बोक्यावर खिळले. मग तेत्सुओनं शांतपणे, एकेक रेघ ओढत लिहिलं: ‘तोराकिची, पिढी तिसरी.’

“तिसरी कशाला?” नामिएनं विचारलं.

“याच्या आईचं नाव तेच होतं, तिच्या आईचंही. आजीला दुसरं नाव सुचतच नाही.”

शिक्का मित्सुरुनं केला. शाळेत सगळ्यांनाच शिकवतात तसा, रताळं अर्धं कापून त्यावर कोरून. शिक्क्यात त्यानं मांजराचा पंजा काढला, वेडावाकडा, एक बोट जरा जास्तच मोठं असलेला. शाई फार काळीभोर दिसत होती म्हणून पेटी दोन दिवस छपरावर उन्हात ठेवली. मग तिच्यावर चुलीतली राख चोळली आणि पातळ चहाचा हात फिरवला.

“शी! आपणही आता खोटं जुनं करतोय,” नामिए म्हणाली.

“आपण विकत नाही आहोत,” कोझुए म्हणाली. “घासायला लाग.”

तिसऱ्या दिवशी सकाळी नामिएनं सात नंबरच्या खोलीत चहा नेला. हातानो गोड बोलणारा, नाजूक बोटांचा माणूस होता.

“काका, आमच्या शेजाऱ्यांकडे एक रिकामी पेटी आहे. टाकून देणार होते. काहीतरी तोरा… तोराकिची, पिढी तिसरी असं लिहिलंय.”

“तोराकिची? तिसरी पिढी?” हातानोचे डोळे चमकले. ते नाव त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं, पण ते कबूल करेल तर तो हातानो कसला! “हं, ऐकून आहे. आण आण. तुला आइसक्रीम देईन हो!”

“त्यानं मला आइसक्रीम देऊ केलं आणि तुम्हाला फुलबाज्या मिळाल्या,” संध्याकाळी नामिए म्हणाली. “माझं नशीबच फुटकं!”

*

शेवटच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलाबुटांचा डोंगर झाला होता आणि आत सगळे सभागृहाच्या सपाता घालून फटक फटक फिरत होते. म्युझियमच्या एझाकीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. छोट्याशा, चष्मेवाल्या, मांडीवर वही. हातानो कोपऱ्यात नम्रपणे हसत उभा होता. गावचे हवालदारही आले होते, खाऊ मिळेल म्हणून.

“सभागृहाला आज अनमोल ठेवा मिळाला आहे!” कुनिहिरोकाकांनी घसा खाकरला आणि पेटी उंच धरली. “दोनशे वर्षांपूर्वीचे थोर कुंभार, तोराकिची, तिसरी पिढी!”

“वा! तोराकिची!” एकजण म्हणाला.

“तिसरीच ना? तिसऱ्याचं काम फार नाजूक असायचं!” दुसरा म्हणाला.

“तोराकिची?” मागून तेत्सुओच्या आजीचा खणखणीत आवाज आला. “माझा बोका?”

सगळे वळले. कुनिहिरोकाका ओशाळं हसले. “आजी, हे कुंभार होते हो.”

“कुंभार नव्हते, काका,” कोझुए उभी राहिली. “तो बोकाच आहे. पेटीवर तेत्सुओनं लिहिलंय. गेल्या आठवड्यात.”

“आणि शिक्का माझा आहे!” मित्सुरुनं खिशातून सुकून आक्रसलेलं अर्धं रताळं काढलं, शाईत दाबलं आणि टेबलावरच्या कागदावर ठाप्पकन उमटवलं. तोच पंजा! तेच एक बोट मोठं!

एझाकीबाईंनी कागद पेटीशेजारी धरला आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. मग सगळं सभागृह हसायला लागलं. फक्त कुनिहिरोकाका हसले नाहीत. त्यांचा चेहरा पाहून कोझुएलाच वाईट वाटलं.

“फसवलं हो मला कुणीतरी!” हातानो ओरडला. “मी गरीब व्यापारी! चूक एकदाच झाली…”

“एकदाच नाही,” नामिए म्हणाली.

ती काचेच्या कपाटाजवळ गेली. बाबा “नामिए!” म्हणाले तरी ती थांबली नाही. तिनं आपला वाडगा बाहेर काढला आणि त्याच्या पेटीत ठेवला. तो आत खुळखुळला. बोटभर जागा उरली होती.

“हासुद्धा खोटा आहे,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “मी याच्याजवळ उभी राहून फोटो काढलाय, म्हणून मीच सांगते. ही पेटी कोझुएच्या आजोबांची आहे. कोझुए, आण!”

या वेळी ती रडली नाही. कोझुएला वाटलं, हे मला जमलं नसतं. आणि हो, त्याचाही तिला थोडा हेवा वाटला.

तिनं टॉवेल सोडला. आजोबांचा वाडगा पेटीत उतरवला. खाली, आणखी खाली… तो अलगद जाऊन बसला. हलवला तरी आवाज नाही.

तेवढ्यात दारात गडबड झाली. हातानो निसटला होता! पण दारात तो चपलांच्या डोंगरात गुडघ्यावर बसून वेड्यासारखा उपसत होता.

“माझे बूट! माझे बूट कुठायत?”

“शोधा शोधा!” मित्सुरु बूट पोटाशी धरून खांबामागून ओरडला. रताळ्याचं काम उरकून तो केव्हाच तिथं जाऊन दबा धरून बसला होता. शेवटी हातानो सपातांतच रस्त्यावर धावला. एक सपात फाटकात राहिली, दुसरी गटारात, आणि खडीवर अनवाणी तो किती धावणार! हवालदारांनी हातातला लाडूसुद्धा खाली न ठेवता त्याला धरून आणलं. निळ्या गाडीत एकोणीस रिकाम्या पेट्या निघाल्या.

*

एझाकीबाई बराच वेळ वाडगा हातात घेऊन बसल्या होत्या. एकदा त्यांनी पेटीकडे बघितलं. मग पेटी बाजूला ठेवून दिली.

“मुलांनो, हे बघा. आपल्याकडची माती चहा पिते. रोज थोडा थोडा, बारीक भेगांतून. त्या खोट्या वाडग्याला चहात उकळलंय, म्हणून तो बुडापर्यंत सारखाच तपकिरी आहे. आणि हा? आत जिथवर चहा चढतो तिथवर गडद, ओठ लागतात तिथं वेगळा, आणि इथं अंगठ्याची जागा झिजलीय. यात काय खाता, आजोबा?”

“भात. वरून चहा ओतून. रोज,” आजोबा म्हणाले.

“तुमच्या आधी?”

“वडील. त्यांच्याआधी त्यांचे वडील. तेच, भात आणि चहा.”

“म्हणजे तो दीडशे वर्षांचा नाही?” कुनिहिरोकाकांनी हळूच विचारलं.

“आजोबांचे वडील जन्मले ते माकडाचं वर्ष धरलं, तर पंच्याऐंशी. पुस्तकातल्या नियमानं शंभर झाल्याशिवाय ‘पुरातन’ म्हणता येत नाही. पंधरा कमी आहेत. पण नुसती वर्षं तर दगडालाही होतात! कुणी केला, कुणाला दिला, कुणी वापरला, हे सांगता येतं आणि वस्तूवर दिसतंही, असे वाडगे मी आयुष्यात फार थोडे पाहिलेत. मुलांनो, तुम्ही मोठमोठ्यांच्या डोळ्यांत अंजन घातलंत! शाबास! आणि नामिए, तुला दोनदा शाबास.”

टाळ्या पडल्या. कुनिहिरोकाकांनी कोझुएपुढे कमरेतून वाकून माफी मागितली. मग म्हणाले, “आजोबा, हा वाडगा कायमचा कपाटात ठेवायला द्या. दिव्याखाली! रोज सगळे बघतील.”

“पेटी हिनं शोधली,” आजोबा म्हणाले. “हिला विचारा.”

कोझुएनं कपाटाकडे बघितलं. दिवा चालू होता, आत जागा रिकामी होती. दहा दिवसांपूर्वी विचारलं असतं तर तिनं उड्या मारल्या असत्या. आताही मनात कुणीतरी ‘हो म्हण, हो म्हण’ करत होतंच.

“पण कपाटात गेला, की तो चहा पिणार नाही,” ती म्हणाली. “मग आहे तिथंच थांबेल. पंधरा वर्षं बाकी आहेत ना अजून?”

“हेच मला म्हणायचं होतं,” एझाकीबाई म्हणाल्या, “पण कुणाच्या घरातल्या गोष्टीत मी कशी बोलू!”

त्या संध्याकाळी तेत्सुओ आणि नामिए कोझुएकडे जेवायला होते. नामिएच्या बाबांनी तिला उद्यापासून होडीवर जायची परवानगी दिली होती. तिचे केस विस्कटले होते आणि ती सारखी बडबडत होती. आजोबांनी भात वाढला. सगळ्यांना घरातली निळी भांडी, आणि आपला वाडगा त्यांनी उचलून सरळ नामिएपुढे ठेवला. वरून वाफाळता चहा ओतला.

कोझुएनं आपलं निळं भांडं दाणकन खाली ठेवलं. तीच जुनी आग!

“जळतंय वाटतं कुणाचं तरी?” आजोबा चहाच्या किटलीकडे बघतच म्हणाले.

“हो! जळतंय!” कोझुए फणकारली. “मी बारा वर्षांची झाले. मला एकदाही नाही दिलात त्यात, आणि ही पहिल्यांदा आली तर हिला!”

“तू कधी मागितलास?” आजोबा म्हणाले. “तुला तो कपाटात हवा होता.”

नामिएनं अर्धा भात संपवला होता. तिनं वाडगा दोन्ही हातांनी उचलून कोझुएपुढे सरकवला.

कोझुएनं तो घेतला नाही. आधी ती आजोबांकडे वळून नीट बसली.

“मग आता मागते,” ती म्हणाली.